निमंत्रकाची ओळ

बेळगावच्या खडेबाजारातल्या आमच्या छापखान्यात पूर्वी पायानं चालवायचं ट्रेडल मशीन होतं. सकाळी ते सुरू झालं की दहा-बारा कोसांवरच्या नंदगडचे कोंबडे आरवायचे थांबायचे, आता आपली गरज उरली नाही म्हणून. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं नंदगडला जाऊन विचारावं. ते कोंबडे आता नाहीत, पण त्यांच्या नातवंडांना माहीत असेल.

लग्नपत्रिका हे आमचं मुख्य काम. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. आमच्याकडच्या सोयरिकी कोल्हापूरपासून गोकाकपर्यंत पसरलेल्या, त्यामुळं एकाच घरात मामा मराठी वाचणारा आणि मावशीचा नवरा कन्नड वाचणारा, असं सर्रास चालतं. दोघांपैकी एकालाही रुसायला जागा ठेवायची नाही, हे बाबांनी मला मुंजीतल्या मंत्रासारखं शिकवलं होतं. मुंजीतला मंत्र मी विसरलो, हे विसरलो नाही.

प्रूफ तपासायची आमची एक रीत होती. प्रूफ तयार झालं की लग्नघरातली पाच-सात माणसं छापखान्यात यायची आणि दारातल्या लाकडी बाकावर ओळीनं बसायची. एकानं पत्रिका मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायची. ज्याचं नाव जिथं यायला हवं तिथं आलं नाही, त्याचे डोळे फटकन उघडायचे. लोकांना वाटायचं मी अक्षरांचे खिळे जुळवतोय. खिळे जुळवायला माझी बोटं पुरेशी होती. मी ते डोळे बघत असायचो. कुणाचे डोळे कुठल्या नावाला उघडले, यावरून त्या घरात कुणाचं कुणाशी बोलणं नाही हे मला मुहूर्ताच्या महिनाभर आधी कळायचं. आणि भांडण फारच चढलं तर मी खिळ्यांच्या केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, मान वर काढून सांगायचो की ह्या आकाराचे खिळे संपले, आता बसतील तेवढीच नावं घ्या. खिळे काही संपलेले नसायचे. पण शिशाच्या खिळ्यांशी कोण भांडणार? सगळे हळहळायचे, चहा प्यायचे आणि उठायचे. या एका थापेवर बेळगाव तालुक्यातली निम्मी लग्नं सुखरूप पार पडली आहेत. उरलेली निम्मी दुसऱ्या छापखान्यात गेली होती, त्यांचं मला माहीत नाही.

मग मशीन गेलं, कॉम्प्युटर आला. आणि चार-पाच वर्षांपूर्वी बेंगळूरहून माझी लेक लॅपटॉप घेऊन घरी परतली. कंपनी तिकडची आणि काम घरातून. सकाळ-संध्याकाळ ती कंपनीचं बघायची आणि जेवणाच्या सुट्टीत माझं. त्या सुट्टीत ती जेवायची नाही, नुसती माझ्या धंद्याला शिस्त लावायची. महिन्याभरात तिनं माझी सगळी कपाटं रिकामी केली. ऑर्डरी ऑनलाइन फॉर्मवर, नमुने क्लाउडवर आणि प्रूफ लिंकवर.

मी विचारलं, क्लाउडवर म्हणजे कागद नेमका असतो कुठं? ती म्हणाली, लांबच्या मोठमोठ्या कॉम्प्युटरांवर, एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी. मला त्यात काही नवल वाटलं नाही. माझ्या जमिनीचा कागदही गेली कित्येक वर्षं बऱ्याच कचेऱ्यांत एकाच वेळी आहे, फक्त सापडत कुठंच नाही. लेकीनं शपथेवर सांगितलं की हा सापडतो.

"आणि आप्पा, आता कुणाला बाकावर येऊन बसायला नको," ती म्हणाली. "लिंक पाठवायची. लोक आपापल्या घरी बघतील, चुकलं तर तिथंच बदलतील. काम संपलं."

खरं सांगायचं तर पहिले सहा महिने मी हवेत होतो. दुबईत बसलेला मामा दुबईतूनच स्वतःच्या नावाची वेलांटी सुधारायचा. मी गल्लीत सांगत सुटलो की आता आमच्या छापखान्याची शाखा दुबईत आहे. बाक ओस पडला आणि त्यावर एका मांजरीनं बाळंतपण केलं. दोनदा केलं.

त्याच वर्षी मार्गशीर्षात निपाणीहून एक बाई आली. सगळी निपाणी तिला आक्का म्हणायची, म्हणून वयानं मोठा असूनही मीही आक्काच म्हणू लागलो. तिची लेक पाळण्यात असताना नवरा गेला, आणि विड्या वळून वळून तिनं त्या लेकीला मास्तरीण केलं. आक्काच्या हाताचा वेग असा होता म्हणे की वळताना बोटं दिसायचीच नाहीत, समोर बसलेल्याला नुसता वारा लागायचा. उन्हाळ्यात शेजारणी मुद्दाम तिच्यासमोर येऊन बसायच्या. आता त्या लेकीचं लग्न ठरलं होतं.

आक्कानं नमुना बघितला, रंग बघितला, गणपती पसंत केला. मग टेबलाकडं बघत हळूच म्हणाली,

"निमंत्रक म्हणून माझं नाव घाला. सगळ्यात वर. एकटं."

हे किती मोठं मागणं होतं ते सांगायला हवं. आमच्याकडच्या पत्रिकेत निमंत्रकाच्या ओळीत मुलीच्या बापाचं नाव असतं. बाप नसला तर थोरल्या चुलत्याचं. आईचं आलंच तर त्याच्या पायाशी. आयुष्यभर मी पत्रिका छापल्या, पण नवरा गेलेल्या बाईचं नाव एकटं त्या ओळीत मी तोवर जुळवलं नव्हतं. आणि आक्काला थोरले दीर होते, चांगले जिवंत आणि भरभक्कम. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. तंबाखूचे दलाल. मिशा अशा की मोटारसायकलवरून जाताना रस्त्याच्या दोन्ही कडेची माणसं बाजूला सरायची. त्यांचं नाव खाली घालायचं, हे सांगताना आक्काचा आवाजही जरा खाली गेला होता.

"खाली घाला, पण ठळक घाला," ती म्हणाली. "लई केलंय त्यांनी."

मी तिच्या म्हणण्याप्रमाणं प्रूफ केलं. लेकीनं लिंक आक्काच्या मोबाईलवर पाठवली. आमच्या गिऱ्हाइकांना पासवर्ड आठवत नाहीत, म्हणून लेकीनं आमच्या सगळ्याच लिंका अशा ठेवल्या होत्या की ज्याच्या हातात लिंक, त्याला बदल करता येईल. बेंगळुरात ते चाललं असतं. पण आमच्या भागात लग्नातली कुठली वस्तू माणूस एकटा बघतो? शालू आला तर गल्ली बघते. आक्कानं ती लिंक सरळ भावकीच्या मोबाईल ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, पत्रिका आली, सगळ्यांनी बघून घ्या.

सगळ्यांनी बघून घेतली.

आता त्या ऑनलाइन कागदाची एक गंमत होती. नाव न सांगता जो आत येईल त्याला तो एका जनावराचं नाव आणि चित्र देतो. बाहेर जाऊन परत आलं की जनावर बदलतं. दुपारी मी बघतो तर पत्रिकेत एक वाघ, दोन उंट, एक पाणघोडा, एक कासव आणि न ओळखता येणारी बारीकसारीक जनावरं मिळून पस्तीस-चाळीस हिंडत होती. एवढी जनावरं आमच्या भागातल्या सर्कशीतसुद्धा कधी आली नसतील. आणि प्रत्येकजण टाइप करत होता. उंट स्वतःच्या चार भावांना घालत होता, पाणघोडा त्यातल्या दोघांना काढत होता. आमच्या पत्रिकांच्या तळाला पोरांची एक ओळ असते, आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं, आणि खाली चिल्ल्यापिल्ल्यांची नावं. तिथं संध्याकाळपर्यंत एकवीस पोरं जमली. बाविसावं अजून जन्मायचं होतं, तर कुणीतरी नुसतं येणारं बाळ असं लिहून त्याची जागा धरून ठेवली. आणखी कुणीतरी बैलजोडीची नावं घातली. पलीकडच्या कन्नड बाजूला चिक्कोडीकडच्या पाहुण्यांनी अख्खा तालुका उतरवला. तेवढी पत्रिका छापली असती तर वेगळा मांडव घालावा लागला नसता, तीच वर ताणली असती.

त्यातल्या एकाला मी फोन करून माझी जुनी थाप मारून बघितली. म्हटलं, अक्षरं संपत आलीत, जरा आवरतं घ्या. तो गडी इतका हसला की त्याच्या बायकोनं फोन घेतला आणि काय झालं म्हणून विचारलं. कॉम्प्युटरमधली अक्षरं संपत नाहीत, हे आता लहान पोराला कळतं. त्या दिवशी मला खिळ्यांची अशी काही आठवण आली की मी घरी जाऊन जुन्या केसचे खण पुसून ठेवले.

पण ही सगळी करमणूक होती. खरी गोष्ट लेकीच्या ध्यानात आली.

"आप्पा, हे बघा," ती म्हणाली. त्या कागदात आधी काय होतं, नंतर काय झालं आणि किती वाजता झालं, याचा सगळा इतिहास राहतो. फक्त जनावरामागचा माणूस कोण ते लिहिलेलं नसतं. तर आक्काचं नाव रोज दिवेलागणीला वरच्या ओळीतून खाली यायचं, अण्णांच्या नावाखाली. आणि रोज सकाळी परत वर जायचं. आठवडाभर हेच. बाकी भावकी खाली पोराबाळांत नि बैलांत गुंतली होती. निमंत्रकाच्या ओळीत मात्र कुणी एकजण आक्काला खाली ओढत होता आणि कुणी एकजण वर चढवत होता.

चढवणारी आक्काच असणार, हे उघड होतं. आणि ओढणारा कोण, हे तर मिशा न बघताही कळत होतं.

मी आक्काला फोन लावला. वाटलं, रडेल, चिडेल, दिरांना चार शिव्या घालेल. ती म्हणाली, असू द्या, कसं हुईल तसं हुईल. तेवढंच. फोन ठेवल्यावर माझाच राग अनावर झाला. बाईला किती धाकात ठेवलं असेल म्हणून मी जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

लेक म्हणाली, एका मिनिटात बदल करायचं बंद करते, आक्कांचं नाव वर ठेवून छापून टाका. मी नको म्हटलं. आम्ही परस्पर छापलं असतं तर आम्ही सुटलो असतो, पण नंतर त्या भावकीत राहायचं आक्काला होतं. ज्याला खाली ओढायचंय त्यानं तिच्या तोंडासमोर ओढावं, म्हणजे आपण बोलायला मोकळे. मी आक्का आणि अण्णा दोघांनाही निरोप दिला की अमुक दिवशी सकाळी छापखान्यात या, त्याशिवाय पत्रिका निघणार नाही.

निपाणीच्या बसनं दोघं आले. मांजरीला पिल्लांसकट हलवून मी बाक मोकळा केला. सहा महिन्यांनी त्यावर माणसं बसली, आणि सांगतो, बाक जुन्या ओळखीनं कुरकुरला. आजही कधी दुपारी छापखाना गप्प असला की वाटतं, कुणीतरी यावं, बसावं, डोळे मिटून ऐकावं. आता कुणी येत नाही. काम दुप्पट झालंय, चुका निम्म्या झाल्यात, आणि गिऱ्हाईक लग्नात भेटलं तरी मला ओळखत नाही.

तर अण्णा एका टोकाला आणि आक्का दुसऱ्या टोकाला. मधे तिसरा माणूस मावेल एवढी जागा, म्हणजे अण्णांच्या हिशेबानं अर्धा. लेकीनं मोठा स्क्रीन बाकाकडं वळवला. आक्काचं नाव वर होतं, कारण सकाळच होती. मी चहा मागवला आणि भाषणाला उभा राहिलो. नाव कुणाचं घेतलं नाही. एवढंच म्हटलं की काही माणसांची छाती रुंद दिसते, पण एका बाईचं नाव वर बघवत नाही. बापाच्या जागी कष्ट करायला आई चालते आणि नाव घालायची वेळ आली की चुलता आठवतो. मी इतकं चांगलं बोललो की चहावाला थांबून ऐकत राहिला. अण्णा दोन्ही हातांनी बशी धरून चहा पीत होते. बशीच्या वरून फक्त मिशा दिसत होत्या, त्या हलेनात.

तेवढ्यात लेकीनं माझी बाही ओढली. पत्रिकेत आत्ता एकच जण आत होता. ससा. त्याची छोटी रेघ भिरभिरत वरच्या ओळीत गेली, आक्काच्या नावाजवळ थांबली. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नाव पुसलं गेलं आणि अण्णांच्या नावाखाली परत उमटलं.

मी अण्णांकडं बघितलं. दोन्ही हात बशीला. मोबाईल खिशात. मग आम्ही सगळ्यांनी एकदमच बाकाच्या दुसऱ्या टोकाकडं बघितलं. आक्काच्या पदराआड निळसर उजेड पडला होता.

सगळ्यात आधी अण्णा बोलले. "अगं, तू?"

आक्कानं मोबाईल पदरात आणखी आत ढकलला.

"रोज सकाळी उठून मी वर घालतोय," अण्णा म्हणाले. आवाज इतका मऊ निघाला की मला वाटलं दुसराच कुणीतरी बोलतोय. "रोज सांजच्याला कोण खाली वडतंय म्हणून मी सगळ्या भावकीला शिव्या घातल्या. दोघांशी बोलायचं टाकलं. आन् ती तू?"

माझं भाषण कुठं ठेवावं ते मला कळेना. चहावाला पैसे न घेताच निघून गेला.

आक्कानं मोबाईल पदरातून बाहेर काढून मांडीवर ठेवला. तिचा अंगठा अजून त्यावरच होता. "दिवसभर बरं वाटतंय, अण्णा. विड्या वळता वळता मधीच काढून बघती. वर माझं नाव. परत ठेवती, परत बघती. मग सांज झाली की धडधडाय लागतं. आज तर छापायचंच म्हटल्यावर सकाळीच लागलं. व्याही बघतील, लोक बघतील. शुभकार्याचं कार्ड आन् पयलं नाव नवरा नसलेल्या बाईचं. माझ्या हौसंपायी लेकीच्या संसाराला काय लागलं तर?"

बाहेर खडेबाजारात कुणी शेव-चिवडा तोलत होतं, कुणी रिक्षावाल्याशी कन्नडमधून घासाघीस करत होतं. चहावाला तसेच टाकून गेलेले कप मी गोळा करू लागलो.

अण्णांनी बशी खाली ठेवली. मिशा पुसल्या. "ती पाळण्यात हुती तवा मी तुला काय म्हनलंतं?"

आक्का खाली बघून म्हणाली, "पोरगी आमच्याकडं ठेव. तू म्हायेरी जा."

"मग तू काय म्हणालीस?"

"न्हाय म्हनलं."

"नुसतं न्हाय नव्हं. विड्या वळायचं सूप माझ्या अंगावर फेकलंतंस. तंबाखू सगळी डोळ्यात गेलती." अण्णा माझ्या लेकीकडं वळून सांगू लागले, जणू ती साक्षीदार होती. "चार दिवस डोळं उघडत नव्हतं. तवाच त्या ओळीतनं माझं नाव गेलं, बाई. आज न्हाय गेलं. माझं नाव मी आता खाली घालतोय, तेवढंच."

आक्का हसली की रडली ते मला नीट दिसलं नाही, कारण माझ्याच चष्म्याला काहीतरी झालं होतं. थोड्या वेळानं तिनं मोबाईल उचलला. स्क्रीनवर ससा परत हलला. विडी वळताना जी बोटं दिसत नसत म्हणे, तीच बोटं आता एकेका अक्षराला एवढा वेळ घेत होती की तेवढ्यात निपाणीची बस जाऊन परत आली असती. तिनं नाव खालून काढलं. वरच्या ओळीत टाइप केलं. एक काना राहिला, तो परत जाऊन घातला. मग मोबाईल पालथा ठेवला.

अण्णा उभे राहिले आणि स्क्रीनसमोर येऊन बाकीच्या गर्दीचा निकाल लावू लागले. लेक टाइप करत होती, अण्णा बोटानं दाखवत होते. चिक्कोडीचा तालुका गेला, उंटाचे भाऊ गेले, बैलजोडी गेली. पोरांच्या ओळीत त्यांचं बोट जरा घुटमळलं. येणारं बाळ ऱ्हाऊ दे, म्हणाले. माझा नातू हाय तो, लिहिलेलं मीच.

"आता ह्याला कुलूप घाल, पोरी," ते म्हणाले.

लेकीनं दोन ठिकाणी दाबलं. म्हणाली, झालं, आता बघता सगळ्यांना येईल, पण हलवता कुणालाच येणार नाही.

अण्णा बसची वेळ बघायला रस्त्यावर गेले. आक्का बाकावरच होती. मी छपाईच्या नव्या मशीनवर कागद चढवायला वळलो, पण नजर तिच्याकडंच होती. तिनं पालथा ठेवलेला मोबाईल हळूच सरळ केला, पदराखाली घेतला आणि अंगठ्यानं आपलं नाव दाबून खाली ओढायला बघितलं. नाव हललं नाही. पुन्हा ओढलं. हललं नाही. तिसऱ्यांदा तिनं दोन्ही अंगठे लावले. मग मोबाईल पदरातून बाहेर काढून तिनं उजेडात धरला, आणि कुणी बघतंय की नाही याची पर्वा न करता निमंत्रकाची ओळ मोठ्यानं वाचली.